क्रॉप बॉडीवर पोर्ट्रेटसाठी ५० घेऊ, ८५ घेऊ की १०० एफ २?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅनन २००डी आहे (क्रॉप बॉडी, म्हणजे छोट्या सेन्सरचा कॅमेरा), त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स आणि नंतर घेतलेली ५५-२५० झूम. राहायला साताऱ्यात, नोकरी वेगळीच, फोटो हौस म्हणून. पण नात्यात कुणाचं बारसं, साखरपुडा काही असलं की "तू कॅमेरा घेऊन ये रे" हे ठरलेलंच असतं. आता पुढच्या महिन्यात मेहुणीचं डोहाळजेवण आहे आणि तिने स्पष्ट सांगितलंय की मागचं सगळं धूसर असलेले फोटो हवेत, मोबाइलवर काढल्यासारखे नकोत. शिवाय माउलींची पालखी आमच्याच जिल्ह्यातून जाते, लोणंद, तरडगाव, फलटण, तिथे वारकऱ्यांचे चेहरे टिपायची फार इच्छा आहे.
बजेट २५ हजार, सेकंड हँड चालेल. दुकानदार म्हणतो ५० एफ १.८ घ्या (५० मिमीची लेन्स, एफ आकडा जितका छोटा तितका जास्त प्रकाश आत), मित्र म्हणतो ८५ एफ १.८ च घे, आणि यूट्यूबवर एक जण म्हणत होता की खरं पोर्ट्रेट १३५ लाच येतं. त्यात १०० एफ २ पण एक जुनी मिळतेय. क्रॉपवर ८५ ची १३६ होते म्हणतात, मग ती फार लांबची होईल का? आणि १३५ म्हणजेच खरं पोर्ट्रेट असेल तर ८५ घेऊन माझं काम झालंच की? डोकं चालेना झालंय.

लोकल_लेन्स:
८५ घे डोळे झाकून. विषय संपला.

मंदशटर:
डोळे झाकून घेतली तर भिंतीवर आपटेल तो 😀
कृष्णाकाठ, आधी एक सांगा, फोटो काढणार कुठे? घरात, कार्यालयात की उघड्यावर? कारण लेन्सच्या आधी जागेचा हिशोब लागतो आणि तो कुणीच सांगत नाही. तुमच्या २००डीचा सेन्सर साधारण २२.३ बाय १४.९ मिमी आहे. कॅमेरा उभा धरून फक्त डोकं-खांदे घ्यायचे म्हणजे अर्धा मीटर उंचीची चौकट धरा, तर ८५ ला तुम्हाला साडेसहा फुटांवर उभं राहावं लागतं आणि ५० ला जेमतेम चार फुटांवर. कमरेपर्यंत घ्यायचं तर ८५ ला साडेअकरा फूट, ५० ला सात. आणि पूर्ण उभी बाई साडीच्या काठासकट, वर खाली थोडी जागा सोडून घ्यायची तर ८५ ला २६ फूट लागतात, ५० ला साडेपंधरा. आता आपल्याकडच्या खोल्या आठवा, १० बाय १२. त्यात बाई भिंतीला चिकटून उभी करणार नाही, पुढे घेणार, तुमच्या पाठीमागे शोकेस. राहिलं काय हातात?
१३५ चं म्हणाल तर ती फुल फ्रेमवाल्यांची, म्हणजे मोठ्या सेन्सरवाल्यांची गोष्ट आहे. क्रॉपवर १३५ म्हणजे चौकटीच्या हिशोबाने २१६ झाली, कमरेपर्यंतच्या फोटोला १८ फूट. मैदानात मजा आहे, घरात नाही.

कृष्णाकाठ:
धन्यवाद. हे फुटांचं गणित खरंच कुणी सांगितलं नव्हतं. कार्यक्रम घरीच आहे, जुनं घर, सोपा १४ बाय ११ आणि मागे परस चांगलं मोठं आहे, ३५-४० फूट तरी असेल, आंब्याचं झाड वगैरे. झोपाळा सोप्यातच बांधणार, फुलांची सजावट मागच्या भिंतीला लागूनच असणार कारण जागाच तेवढी आहे.
पण मग ते "८५ ने चेहरा चांगला दिसतो, ५० ने नाक मोठं येतं" हे काय असतं?

मंदशटर:
नाक लेन्स मोठं करत नाही हो, तुम्ही किती जवळ उभे राहता त्यावर असतं ते. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंमी मागे असतात. सेल्फी ३० सेंमीवरून काढला की नाक ३० वर आणि कान ४२ वर, म्हणजे नाक कानाच्या मानाने ४० टक्के मोठं उमटणार, म्हणून सेल्फीत सगळे बटाटे दिसतात. तेच २ मीटरवरून काढलं की फरक ६ टक्क्यांवर येतो, डोळ्याला कळत पण नाही. मग समोर ५० असो का ८५ असो का किट असो, जागा तीच असेल तर चेहऱ्याची ठेवण तीच येणार. लांब लेन्सचा फायदा एवढाच की ती तुम्हाला मागे उभं राहायला भाग पाडते. त्यामुळे ५० घेतली तर अगदी तोंडाशी जाऊन नुसता चेहरा भरू नका, चार-पाच फुटांवर थांबा, थोडं मोकळं काढा, नंतर कापा. २४ मेगापिक्सेल आहेत, कापले तरी व्हॉट्सॲपच्या फोटोला काय होतंय.
आणि क्रॉपवर ८५ ची १३६ "होते" म्हणजे फक्त चौकट तेवढी अरुंद होते. लेन्स ८५ च राहते.

ओंजळ:
मी पुण्यात मॅटर्निटी आणि लहान मुलांचे शूट करते त्यामुळे राहवलं नाही. दादा, डोहाळजेवणाला ८५ ला एफ १.८ वर ठेवून काढाल आणि घरी येऊन रडाल. का ते सांगते. साडेसहा फुटांवरून डोकं-खांदे काढताय, ८५ एफ १.८ वर, तर शार्प राहणारा पट्टा जेमतेम साडेतीन सेंटीमीटरचा असतो, त्यातला निम्मा डोळ्याच्या पुढे निम्मा मागे. तुम्ही फोकस डोळ्यावर केला की नथ गेली! आणि डोहाळजेवणाच्या फोटोत नथ, फुलांचा मुकुट, ते फुलांचे दागिने हेच तर बघायचं असतं सगळ्यांना. आई-मावश्या पहिलं तेच झूम करून बघतात. नथ आणि डोळे दोन्ही हवेत तर एफ ४ वर या, तो पट्टा आठ सेंटीमीटरपर्यंत जातो. आणि हे ५० ने पण तसंच आहे बरं का, चौकट तेवढीच ठेवली आणि एफ नंबर तोच ठेवला तर शार्प पट्टा जवळपास तेवढाच येतो, त्यामुळे ५० घेतली म्हणून सुटका नाही.
दुसरं म्हणजे झोपाळा. झोपाळा पुढेमागे हलतो, ती बाई हसत असते, कुणीतरी मागून झोका देतंय, आणि तुम्ही साडेतीन सेंटीमीटरचा पट्टा घेऊन बसलाय. झोका बाजूने आडवा जातोय अशा ठिकाणी उभे राहा म्हणजे अंतर बदलत नाही, किंवा मग सरळ सांगा, "आता झोका थांबवा दोन मिनिटं". मी सांगतेच. कुणी रागवत नाही.
शटर १/२०० सेकंदापेक्षा हळू करू नका, ८५ एफ १.८ ला आयएस (हात हलला तरी सावरून घेणारी सोय) नाहीये.

विदर्भ_एक्सप्रेशन:
मधेच विचारतो भाऊ, माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे, एक जण ८५ एफ १.८ डी स्वस्तात देतोय. घेऊ का?

मंदशटर:
घेऊ नका. ती डी लेन्स बॉडीतल्या मोटरवर फोकस करते आणि डी५६०० मध्ये मोटर नाही, हाताने फिरवत बसाल. २०१२ मध्ये आलेली ८५ एफ १.८ जी बघा, तिच्यात स्वतःची मोटर आहे, वजन पण ३५० ग्रॅमच. डी७००० च्या घरातली बॉडी असती तर डी चालली असती.

विदर्भ_एक्सप्रेशन:
बरं झालं विचारलं, पैसे देणारच होतो उद्या.

भिंगमास्तर:
निवृत्त शिक्षक आहे, भौतिकशास्त्र शिकवायचो, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या. सर्वांनी जागेचं आणि शार्प पट्ट्याचं बरोबर सांगितलं आहे, पण कृष्णाकाठ यांच्या मेहुणीची मागणी "मागचं धूसर" ही आहे, त्याचा हिशोब अजून कुणी मांडला नाही.
एक सोपा भागाकार शिकून ठेवा. मिमीला एफ नंबरने भागा. ५० भागिले १.८ म्हणजे २८ मिमी. ८५ भागिले १.८ म्हणजे ४७. १०० भागिले २ म्हणजे ५०. तुमची किट ५५ ला एफ ५.६ देते, म्हणजे १० सुद्धा नाही, म्हणूनच तिच्यात मागचं काही धूसर होत नाही. हा आकडा म्हणजे भिंगातून आत येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेची रुंदी. चौकट सारखीच ठेवली तर खूप लांबचा दिवा फोटोत केवढा गोल दिसेल हे याच आकड्यावर ठरतं. ८५ ने काढलात तर तो दिवा चेहऱ्याच्या मापाने ४७ मिमीचा गोल होतो, ५० ने काढलात तर २८ चा.
आता तुमच्याकडे आधीच असलेली ५५-२५० घ्या. २५० ला एफ ५.६. भागाकार किती? पावणेपंचेचाळीस! म्हणजे परसात ती बाई या टोकाला, आंब्याचं झाड तिच्याही मागे लांब, आणि तुम्ही १९ फुटांवरून २५० ला डोकं-खांदे घेतलेत तर मागचं जवळपास ८५ एफ १.८ एवढंच विरघळेल. एक पैसा न खर्चता. उद्याच करून बघा.
पण हे झालं मागचं लांब असताना. तुमच्या सोप्यात सजावट भिंतीला लागून, म्हणजे तिच्या मागे जेमतेम दोन फूट. तिथे गणित उलटतं. कमरेपर्यंतच्या चौकटीत दोन फूट मागच्या फुलाचा धूसर ठिपका ८५ एफ १.८ ला सुमारे ७ मिमीचा येतो आणि ५० एफ १.८ ला ६ चा. फरक जवळजवळ नाहीच. २५० एफ ५.६ तिथे अडीच मिमीवर येते, आणि तसंही ३४ फूट मागे जायला तुम्हाला भिंत फोडावी लागेल. थोडक्यात घरात ८५ चे जादा पैसे मोजून जादा धूसर मिळत नाही, मिळते ती फक्त अडचण. ८५ चा खरा फायदा मोकळ्या जागेत आहे.

लोकल_लेन्स:
मास्तर म्हणजे ८५ घ्यायचीच नाही का? मी कार्यालयात लग्नं काढतो ८५ ने, एक नंबर येतात.

भिंगमास्तर:
कार्यालयाचा हॉल ६० फूट लांब असतो, मागे लायटिंगच्या माळा ३० फुटांवर, तिथे ती एक नंबरच येणार. मी तेच म्हणतोय.
शिवाय प्रकाशाची बाब राहिली. २५० एफ ५.६ आणि ८५ एफ १.८ यांत प्रकाशाचा फरक जवळजवळ दहापट आहे. ८५ ला आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ६४० वर होणारं काम त्या झूमला ६४०० वर न्यावं लागतं. संध्याकाळच्या कार्यालयात ते जमणार नाही. त्यामुळे झूमवर भागवा असंही माझं म्हणणं नाही. भर दुपारी आंब्याखाली मात्र ती फुकट आहे.

स्वर्ल_प्रेमी:
तुम्ही सगळे नव्याच्या मागे. हेलिओस ४४-२ घ्या हो, ५८ एफ २, रशियन, एम४२ (जुन्या स्क्रूच्या लेन्ससाठीचा) ॲडाप्टर लावला की कॅननवर मस्त बसते आणि मागची पानं गोल गोल फिरल्यासारखी दिसतात. पोर्ट्रेटला तोड नाही.

ओंजळ:
फिरतात ना, आणि फोकस पण हाताने फिरवायचा असतो 😄 २००डीच्या त्या छोट्याशा व्ह्यूफाइंडरमधून एफ २ वर डोळा पकडून दाखवा झोपाळ्यावरचा. हौसेला छान आहे, माझ्याकडेपण आहे, पण ज्या कार्यक्रमाला "परत एकदा करा" म्हणता येत नाही तिथे नको.

कृष्णाकाठ:
मास्तर, काल परसात शेजारच्या काकांना उभं करून काढला, २५० ला ५.६. विश्वासच बसेना. माझ्याच कपाटातली लेन्स आणि मी तिने फक्त मुलांच्या गॅदरिंगचे फोटो काढत होतो. मागचं झाड नुसतं हिरवं हिरवं झालंय. काका पण खूश, प्रिंट काढून दे म्हणाले. सोप्यात मात्र तुम्ही म्हणालात तसंच, मागे जायलाच जागा नाही.
मग आता डोहाळजेवणासाठी ५० नवीन घेतो आणि वारीच्या आधी सेकंड हँड ८५, असं केलं तर? की १०० एफ २ च घेऊ, ५० सोबत जास्त फरक पडेल म्हणून?

मंदशटर:
योग्य. ५० एफ १.८ एसटीएम बघा, २०१५ वाली. त्याच्या आधीची जुनी एफ १.८ टू (II) पण बाजारात दिसेल, स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका, तिचा माउंट (कॅमेऱ्यावर बसणारी कडी) प्लास्टिकचा आणि फोकस करताना आवाज करते. एसटीएम १६० ग्रॅमची आहे, ३५ सेंमीपर्यंत जवळ जाता येतं, ओटीचं ताट, हातातल्या बांगड्या, मेंदी हेही निघेल.
८५ आणि १०० एफ २ एकाच घरातल्या बहिणी आहेत, १०० ची १९९१ ची आणि ८५ ची १९९२ ची, दोन्ही यूएसएम मोटरच्या, फोकस झटकन, दोन्हींना ५८ मिमी फिल्टर, तुमच्या दोन्ही झूमचाच आकार. १०० ला प्रत्येक ठिकाणी अजून थोडं मागे जावं लागेल एवढंच. वारीत गर्दी असते, तुमच्या आणि समोरच्या वारकऱ्याच्या मध्ये जेवढं जास्त अंतर तेवढे मध्ये येणारे जास्त, म्हणून मी ८५ म्हणेन. १०० अगदी चांगल्या अवस्थेत आणि कमी पैशात मिळाली तर मात्र सोडू नका.
८५ चा एक दोष माहीत असू द्या. एफ १.८ वर पांढऱ्या वस्तूच्या कडेला जांभळी झालर येते, विशेषतः मागून ऊन असताना. वारीत सगळेच पांढऱ्या टोपीत आणि धोतरात, बायकांच्या डोक्यात गजरा, म्हणजे दिसणारच. एफ २.८ केलं की बरीचशी जाते, उरलेली सॉफ्टवेअरमध्ये काढता येते.
फोकसचंही सांगतो. २००डीला नऊच फोकस पॉइंट आणि मधला तेवढा क्रॉस टाइप, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा. मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस करून मग चौकट हलवली की एफ १.८ वर डोळा हमखास निसटतो. त्यापेक्षा लाइव्ह व्ह्यू लावा, मागच्या स्क्रीनवर चेहरा ओळखून फोकस करतो आणि तो सेन्सरवरच मोजत असल्यामुळे पुढे-मागे पडत नाही. लेन्सचा फोकस पुढे-मागे पडत असेल तर सूक्ष्म दुरुस्तीची सोय या बॉडीत नाही, म्हणून तर लाइव्ह व्ह्यू.

भिंगमास्तर:
आणि एफ १.४, एफ १.२ च्या नादाला लागू नका ही एका म्हाताऱ्याची विनंती. १९८५ च्या जून महिन्यात नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर हिरव्या डोळ्यांची ती अफगाण मुलगी आली होती, स्टीव्ह मॅककरीने १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत काढलेली. निकॉन एफएम२ आणि १०५ एफ २.५. भागाकार करा, ४२ येतो. मागे काय आहे हे कुणी विचारत नाही, डोळेच बघतात.

लोकल_लेन्स:
मास्तर दर वेळेला भागाकार करायला लावतात 😂 पण पटलं.

गुहागरचा_वारा:
सेकंड हँड घेताय म्हणून लिहितो, कारण आमच्याकडे कोकणात लेन्सला बुरशी लागणं म्हणजे घरोघरी मातीच्या चुली. विकणारा वरून पुसून चकचकीत करून देतो, आत काय आहे ते बघायचं. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारा आणि पुढून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे किंवा फांद्या दिसल्या की हात जोडा आणि निघा. साफ होते म्हणतील, पण काचेवरचं कोटिंग एकदा खाल्लं गेलं की परत येत नाही. धुळीचे दोन-चार कण असले तर घाबरू नका, फोटोत येत नाहीत.
आपली बॉडी घेऊनच जायचं. जवळ, लांब, जवळ असं चार-सहा वेळा फोकस करून बघायचं, मग एफ १.८ ला आणि एफ ११ ला असे दोन्ही फोटो काढायचे. एफ आकडा बदलणारं आतलं पातं अडकलं असेल तर एफ ११ ला लगेच कळतं, फोटो पांढरा येतो नाहीतर कॅमेरा एरर देतो. एरर ०१ आली तर आधी मागचे सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या कपड्याने पुसून परत लावून बघा. हुड (पुढे लावायची, तिरकं ऊन अडवणारी कडी) ८५ बरोबर येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, जुन्या मालकाकडे असेल तर तोही मागून घ्या, उन्हात फार उपयोगी पडतो.
घेतल्यावर बॅगेत बंद करून ठेवू नका. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की तवा गरम करून वाळवून परत.

ओंजळ:
आणि वारीला पाऊस असणारच. ८५ ला पावसापासून संरक्षण नाही, २००डीला पण नाही. दुधाच्या पिशवीपेक्षा थोडी मोठी पारदर्शक पिशवी, पुढे हुडला रबर बँड, मागे हात घालायला मोकळी, एवढं पुरतं. पाऊस जोरात आला तर लेन्स बदलू नका, ८५ लावली असेल तर ८५ च राहू द्या.
डोहाळजेवणाला मात्र तिला पहिल्या अर्ध्या तासात परसात न्या, ओटी भरणं सुरू झालं की ती तुमची नाही, बायकांची. आधी आंब्याखाली २५० ने चार-पाच निवांत काढून घ्या, मग सोप्यात ५० लावा, एफ २.८ ते ४. आणि एक खुर्ची परसात नेऊन ठेवा, सातव्या महिन्यात कुणाला उभं करून ठेवायचं नसतं.

कृष्णाकाठ:
खुर्चीचं डोक्यातच आलं नव्हतं ताई. ५० ची ऑर्डर टाकली. ८५ पुण्यात एकाकडे मिळतेय, रविवारी टॉर्च आणि बॉडी घेऊन जातोय. त्याने फोटो पाठवलाय त्यात पुढच्या काचेला कडेला एक बारीक ओरखडा दिसतोय, त्याने काही होतं का?

गुहागरचा_वारा:
पुढच्या काचेवर कडेला असेल तर काही होत नाही, फार तर समोरून ऊन आलं तर किंचित चमक येईल. मागच्या काचेवर असता तर घेऊ नका म्हटलं असतं. ओरखडा दाखवून हजार-दोन हजार कमी करून घ्या.